काकांचं चौथं क्लिक

काकांनी पुन्हा क्लिक केलं.

कुलूपताईने पडद्यावरची लाल ओळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. महिन्याचा पहिला मंगळवार, अकरा वाजून बारा मिनिटं. मेल सुटून जेमतेम दोन मिनिटं झाली होती.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या कारखान्याचं नेटवर्क ती एकटी राखायची, म्हणून हे नाव. दर महिन्याला ती स्वतःच सगळ्यांना एक खोटा मेल पाठवायची. जो त्यातल्या लिंकला भुलेल, त्याने वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत येऊन अर्धा तास धडा घ्यायचा.

साठ माणसांत नेमाने भुलणारे एकच. पार्सल विभागाचे काका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

अकरा सोळा. काका दारात. हातात दोन कप, वाफाळते.

"फसलो बघ." जावयाच्या थाटात ते खुर्चीत बसले.

"काका, बँक तुम्हाला फुकट मोबाईल कशाला देईल?"

"दिला तर नको कशाला म्हणू? जेवतेस का वेळेवर?"

"विषय बदलू नका. पाठवणारा ओळखीचा वाटत नसेल तर?"

"हात लावायचा नाही."

"गडबड वाटली तर?"

"आधी वायर काढायची, मग तुला फोन. चहा घे, निवतोय. कँटीनवाला सांगितल्यापासून पंधरा मिनिटांशिवाय कप हलवत नाही."

उत्तरं तोंडपाठ. बोट तेवढं ऐकत नव्हतं.

तिने चहा घेतला. खोलीत यंत्रांच्या पंख्यांची घरघर. आई गेल्यापासून डबा ती बऱ्याचदा न उघडताच घरी न्यायची. काकांनी खुंटीवरच्या डब्याकडे एकदा पाहिलं.

*

साहेबांनी अहवाल वाचला.

"तीनदा? एवढं शिकवूनही?"

"शिकतायत ते, सर."

"चौथ्यांदा फसले तर घरी बसवा. एका माणसापायी कारखाना बंद पडायचा. आणि त्यांना आधी सांगायचं नाही. नाहीतर परीक्षेला अर्थ काय?"

*

पुढच्या मेलवर तिने तीन दिवस घालवले. चांगला जमावा म्हणून नव्हे, वाईट जमावा म्हणून. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे टाकले. मजकूर: तुम्हाला लॉटरीत हत्ती लागला आहे, घेऊन जाण्यासाठी इथे दाबा.

पहिला मंगळवार. अकरा दहा: मेल सुटला.

अकरा बारा: लाल ओळ. एकच.

अकरा सोळा: दोन कप.

"हत्ती, काका?"

"बांधला असता अंगणात. बायको तेवढी ओरडली असती."

ती हसली. कितीतरी दिवसांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिला त्यांच्याकडे बघवेना.

*

अहवाल गुरुवारी द्यायचा होता. तिने काकांचं नाव टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं. फोन वाजला.

"पोरी, साहेबांच्या नावाने पगारवाढीची फाईल आलीय. मी हात लावला नाही. माझ्यामागच्या पेटीतली जाडी वायर उपटून ठेवलीय. बरोबर ना?"

ती खोलीबाहेर धावली. वरच्या मजल्यावर एकेक पडदा काळा पडत होता आणि त्यावर खंडणीचा मजकूर उमटत होता. पण खालच्या मजल्यावरचं यंत्र, ज्यात साऱ्या चष्म्यांच्या ऑर्डरी होत्या, काकांनी उपटलेल्या वायरीपलीकडे होतं. शाबूत.

संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. फाईल सतरा जणांनी उघडली होती. सगळ्यांत आधी साहेबांनी.

साहेबांनी काकांच्या नावाचा जुना अहवाल मागून घेतला आणि फाडला.

मग ती खाली गेली. पार्सल विभागात ती कधी आलीच नव्हती. काका खोक्याला चिकटपट्टी लावत होते.

"हत्तीला फसता आणि एवढ्या सफाईदार मेलला नाही? हा माझा नव्हे, चोराचा आहे, हे कळलं कसं तुम्हाला?"

काकांनी पट्टी दातांनी तोडली.

"आज गुरुवार. तुझा येतो पहिल्या मंगळवारी, अकरा दहाला. मी अकरालाच दोन चहा सांगून ठेवतो."