ओस्तापचा उजवा खांदा

लोखंडी सळईचा अकरावा तडाखा डर्कच्या बरगड्यांवर बसला आणि मारणाऱ्याचाच खांदा निखळला. ओस्ताप रेड्यासारखा ओरडला. त्या साली मोलोच्ना नदीकाठी राज्य कुणाचंच नव्हतं, म्हणून ओस्तापच्या टोळीचं होतं. अंगणात डर्कचे दोन भाऊ मरून पडले होते. डर्क तुतीच्या झाडाला बांधलेला. आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत हात उगारणं पाप. गावचे पुरुष कुंपणाशी उभे राहून स्तोत्र म्हणत होते, तेही बेसूर.

"त्या हाडमोडीला आणा रे!" ओस्ताप खांदा धरून खेकसला.

हाडमोडी म्हणजे डर्कची बायको युस्तीना. वाकडं जुळलेलं हाड ती लाटण्याने पुन्हा मोडून बसवायची, म्हणून गावाने ठेवलेलं नाव.

"बसव लवकर. याच हाताने तुझ्या नवऱ्याला संपवायचंय."

तिने त्याच्या काखेत टाच रोवली, मनगट धरलं आणि हिसका दिला. आवाज असा झाला की शेजारच्या गावातल्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालेनात. मग तिने त्याचा दंड छातीशी करकचून बांधला.

"अर्धाच बसलाय. दर रविवारी ये, थोडाथोडा बसवीन. कापणीआधी हात वर केलास तर सडून गळेल. आणि डर्क मेला तर माझे हात थरथरतील, बाबा."

ओस्तापने वीस वर्षं मेनोनाइटांच्या शेतांवर राबून काढली होती. ही माणसं मरतील, पण खोटं बोलणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. शिव्या हासडत त्याने डर्कचे दोर कापायला लावले.

पंधरा रविवार तो आला. युस्तीना खांदा चोळायची. डर्क आपल्या भावांच्या मारेकऱ्याला सूप वाढत राहिला. कापणीला पट्टी सुटली तोवर टोळी पांगली होती. ओस्तापने हात आभाळाकडे नेला आणि आमच्याच बोलीत म्हणाला, "त्राख्तमोका!" म्हणजे नीट करणारी. गावाने तो शब्द उचलला. हाडं बसवणाऱ्याला आम्ही अजून तेच म्हणतो.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात युस्तीना रडत उभी राहिली.

"मला त्या नावाने हाक मारू नका."

"का गं? त्याच्यावर हात उगारलास?" वडीलधाऱ्या कोर्नेलियसकाकांनी विचारलं.

"नाही, काका. खांदा पहिल्याच हिसक्याला पुरता बसला होता."