प्लास्टिकची पट्टी

कोयनानगरच्या बंगल्यातल्या जिप्सम भिंतींचं काम वीरधवलला मिळालं, तेव्हापासून त्याच धंद्यातल्या सर्जेरावला घास गोड लागत नव्हता. चहाच्या टपरीवर येईल त्याला तो सांगायचा, "भिंतीच्या कोपऱ्याला पत्र्याची पट्टी ठोकायची सोडून त्यानं प्लास्टिकची चिकटवलीया. भूकंपाचा एक धक्का बसूंद्या, कोपरा उकलतोय का न्हाई बघा."

आज सकाळी टपरीवरचे ग्लास खडखडले. जो तो आपापल्या घराकडं पळाला. सर्जेरावनं मोटारसायकल बंगल्याकडं घातली.

मालकीणबाई भेदरून अंगणात उभ्या होत्या. "आवं, आत कुठं निघालाय?" त्या म्हणेस्तोवर तो आत पोचला होता. कोपऱ्याच्या धारेवरून त्यानं वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मोबाईलची बॅटरी लावून गुडघ्यावर बसून पाहिलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "आवं, कुठं हायसा? पोरींना घेऊन रस्त्यावर हुबी हाय मी. तिकडं काय पडझड झाली का?"

"न्हाई," सर्जेराव पडेल आवाजात म्हणाला. "साधा तडाबी गेला न्हाई."

"देव पावला," ती म्हणाली.