पडायला शिकलेली माणसं

"मनगट नाही. ते लोक दंड धरतात," डंकन म्हणाला. "असा, कोपराच्या वर. आणि धरला की मागे ओढतात."

त्याच्या पंजात एफीचा दंड दिसेनासा झाला. ती ओढ खात त्याच्याच अंगावर मागे सरकली, कंबर त्याच्या पोटाखाली घातली आणि वाकली. एवढा थोरला माणूस तिच्या पाठीवरून सावकाश उलटला आणि चुलीपुढच्या सतरंजीवर आडवा झाला. पडता पडता त्यानं तळहात थाडकन जमिनीवर आपटला. हाडं वाचवायची तर आधी तळहात आपटायचा, हे एफीनंच त्याला शिकवलं होतं.

"ऊठ आता."

"अजून थोडं पडू दे," डोळे मिटून तो म्हणाला. पडला की तो नेहमी हेच म्हणे.

बाहेर ग्लासगोवर धुकं उतरलं होतं. चुलीवर जवाचा रस्सा रटरटत होता, खुंटीवर डंकनचा काळा कोट निथळत होता, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. अशा वेळी एफीला वाटे, जग या खोलीएवढंच आहे. इथं कुणी कुणाला फरफटत नेत नाही आणि बायकांना मताचा हक्क कधीचाच मिळून गेला आहे. रस्सा उतू जायला लागला की ती भानावर येई.

तिनं घमेल्यात पाणी ओतून त्याच्या पायांशी ठेवलं. दिवसभर रस्ते तुडवून त्याचे पाय सुजत. त्या भागातलं दार न् दार त्याला पाठ होतं.

"तू मुद्दाम पडतोस," ती म्हणाली.

"नाही गं."

"खरं सांग."

"पाणी जरा गार आहे," डंकन म्हणाला.

मताचा हक्क मागणाऱ्या बायकांचा वर्ग एका नाचाच्या शाळेच्या माडीवर भरे. मिस टेनंट लंडनहून जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, शिकून आल्या होत्या. चटया अंथरायच्या, पोटाभोवती पुठ्ठे बांधायचे, झग्यात लाकडी मुद्गल लपवायचे आणि मग पडापड सुरू. भिंतीवरच्या जुन्या आरशांना बुरशी धरलेली. त्यांत बायका एकीमागून एक हवेत उचलल्या जात आणि खाली उतरत. एफी कितीतरी वेळ आरशातच बघत राही. तिथं कुणाला लागत नसे.

चटईवर मात्र तिचं काही खरं नव्हतं. जोडीला रोडा होती, पाववाल्याची बायको. पिठाची पोती उचलून तयार झालेलं अंग. एफीनं तिला आजवर एकदाही पाडलं नव्हतं.

"घरी तर मी डंकनला पाडते," एफी धापा टाकत म्हणाली.

"अगं, नवरे लाडानं पडतात. पोलीस कशाला पडेल?" रोडा हसली. "करतो काय तुझा नवरा?"

"फिरतीचं काम आहे."

"मग पाय दुखत असतील बिचाऱ्याचे."

"दुखतात," एफी म्हणाली आणि चटई झटकायला लागली.

चळवळीच्या पुढारी, ज्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत, त्यांची सभा गुरुवारी होती. तुरुंगात अन्न सोडून सोडून त्यांची नुसती काडी उरली होती. मरायला टेकल्या की सरकार सोडून देई, जरा धड चालायला लागल्या की पुन्हा धरून नेई. या खेपेला आत गेल्या, तर त्या जिवंत परत येतील असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हते.

सभेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी दोघं जेवायला बसली.

"त्या सभागृहाचं पुढचं दार ऐसपैस आहे," डंकन ताटलीत बघत म्हणाला. "मागचं अगदी अरुंद. तिथं एखादा आडवा पडला, तर त्याच्या मागच्यांना वाट नाही."

"मग?"

"मग काही नाही. रस्सा छान झालाय."

दुसऱ्या दिवशी वर्गात एफीनं मागच्या दाराची राखण मागून घेतली.

मिस टेनंट तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुला रोडासुद्धा पाडता येत नाही, एफी. तिथं येईल तो रोडाच्या दुप्पट असेल. हायलंडच्या डोंगरांतली धिप्पाड पोरं भरतात पोलिसात."

"येऊ दे, बाई."

"आणि नाही पडला तर मोठ्या बाई गेल्या. कळतंय ना?"

"कळतंय."

एफीला भीती वाटत होती. ती मोठ्या बाईंसाठी होतीच, पण तेवढीच नव्हती. मिस टेनंटना मात्र तिचा हट्टच दिसला. पोलिसांच्या पकडी तिच्याइतक्या नेमक्या कुणालाच ठाऊक नाहीत, हेही त्या जाणून होत्या. त्यांनी मान डोलावली.

गुरुवारी सभागृहात मोठ्या बाईंची चारच वाक्यं झाली आणि पुढच्या दारानं पोलीस घुसले. खुर्च्या उडाल्या, मुद्गल फिरले, कुंड्या फुटल्या. दोन मुलींनी मोठ्या बाईंना जवळजवळ उचलूनच मागच्या बोळात आणलं आणि एफीच्या अंगावरून दाराबाहेर काढलं. बाहेर धुक्यात बग्गी उभी होती.

बोळात बूट वाजले. एफी उंबऱ्यात पाठमोरी उभी राहिली. मोठ्या बाईंचा पाय अजून बग्गीच्या पायरीवरच होता.

मागून तिचा दंड धरला गेला. कोपराच्या वर. मग ओढ बसली.

ती मागे सरकली, कंबर घातली आणि वाकली. सगळं पाण्याखाली चालावं तसं संथ चाललं होतं. शिरस्त्राण घरंगळत गेलं. तो अवाढव्य पोलीस तिच्या पाठीवरून उलटला आणि अरुंद दारात आडवा पडला. त्याच्यावर अडखळून दुसरा पडला, दुसऱ्यावर तिसरा. बग्गी हलली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

"ऊठ, गाढवा," मागून जमादार ओरडत होता. "वाट सोड."

ढिगाच्या तळाशी डोळे मिटून पडलेल्या त्या पोलिसानं तळहात अजून जमिनीवर सपाट ठेवला होता.

"अजून थोडं पडू दे, साहेब," तो कण्हत म्हणाला, आणि मग अगदी हळू, "पळ, एफी. आणि पायांना आज पाणी जरा कढत ठेव."