परमुलखात येळवस

“इथूनबी तेच दिसतंय,” उत्तरेश्वर म्हणाले.

म्हाळसाबाईंनी धक्क्याला लागलेल्या पांढऱ्या बोटीवरून नजर काढून घेतली. व्हिएतनामला आल्यापासून हे वाक्य ऐकून ऐकून त्यांना वीट आला होता. मनोऱ्यावर जायला तिकीट होतं, म्हणून मनोरा खालून पाहिला. डोंगरावर पाळण्यातून जायचं होतं, तर पायथ्याच्या बाकावर बसून वर जाणारे पाळणे पाहिले. दर वेळी नवरोबांचं तेच.

या चिकटपणाला कारण मात्र म्हाळसाबाईच होत्या. उमरग्याच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेल्या वडिलांना आणि आईला प्रतीक्षानं, त्यांच्या लेकीनं, या सहलीला पाठवलं होतं. विमान आणि हॉटेल तुझं, वरखर्च आमचा, असं उत्तरेश्वरांनी तिला आधीच बजावलं होतं. सहलीच्या जाहिरातीत समुद्रातून वर आलेल्या डोंगरांचा फोटो होता. डोंगरांमधून एक बोट चालली होती. बोटीचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं होतं. जन्मात समुद्र न पाहिलेल्या म्हाळसाबाई त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, “एवढं एक दाखवा. बाकी काय बी नगं मला.”

मग ठरलं, खाण्यावर खर्च करायचा नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि शेंगापोळ्यांनी एक अख्खी बॅग भरली. बाकीची मंडळी हॉटेलात जेवायची, तेव्हा हे दोघं कुठल्यातरी झाडाखाली भाकरी मोडायचे. बोटीपुरते पैसे साठलेसुद्धा. पण काल देशातल्या देशात दुसऱ्या शहराला जायच्या छोट्या विमानात हीच बॅग जड भरली. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून जादा वजनाचे पैसे घेतले. भाकरीनं वाचवलेलं भाकरीनंच खाल्लं. आता लेकीला फोन करून पैसे मागणं उत्तरेश्वरांच्या रक्तात नव्हतं, आणि म्हाळसाबाईंनीही तो विषय काढला नाही. रात्रभर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या, एवढंच.

आता मंडळी समोरच्या हॉटेलात जेवत होती. त्यांचं जेवण झालं की बोट सुटणार होती. म्हाळसाबाईंनी रस्त्याकडेच्या झाडाखाली चादर अंथरली आणि उरलंसुरलं सगळं मांडलं. तेवढ्यात घरून फोनवर व्हिडिओ आला. शेतात कडब्याची खोपटीवजा कोप उभी होती, तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते, आणि आंबिलीनं भरलेल्या मातीच्या बिंदगीभोवती पोरं नाचत होती.

“अहो, आज येळवस हाय,” त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वरांचा हात भाकरीवर थांबला. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात जेवतात. आणि बांधावरून जाणाऱ्याला, मग तो कुणी का असेना, हाक मारून जेवायला बसवल्याशिवाय शेतकरी स्वतः घास घेत नाही. म्हाळसाबाईंनी किनाऱ्यावरचे पाच गोटे आणून झाडाच्या बुंध्याशी मांडले, त्यांच्यापुढं शेंगापोळीचा तुकडा ठेवला आणि हात जोडले. उत्तरेश्वर उठून रस्त्याच्या कडेला गेले.

“या जेवायला!” त्यांनी चांगली शेतातल्यासारखी हाक दिली.

एक गोरं जोडपं दचकून थांबलं. भाषा कळली नाही, पण हाताची खूण कळली. दोघं मांडी घालायच्या प्रयत्नात कसेबसे चादरीवर बसले. त्यांच्या मागून लाल टोपी घातलेल्या तीन म्हाताऱ्या आल्या. कडक भाकरीचा कुडुम आवाज आला की त्या एकमेकींकडे बघून हसत. चटणीनं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, तरी बोटं परत चटणीकडेच जात होती. म्हाळसाबाई प्रत्येकाला आग्रह करून वाढत होत्या. कालपासूनचा रुसवा त्या विसरूनच गेल्या होत्या.

उठताना गोऱ्या माणसानं एका गोट्याखाली नोट ठेवली. म्हाताऱ्यांनीही ठेवल्या. इथं बायका रस्त्याकडेला अशाच बसून खायचं विकतात, तेव्हा पाहुण्यांना ही खानावळच वाटली होती. म्हाळसाबाईंनी नोटांवरची शून्यं मोजली. दोघांचं तिकीट सहज निघत होतं. त्यांनी बोटीकडे पाहिलं. परत वळेपर्यंत गोटे मोकळे होते, आणि गुडघेदुखीवाले उत्तरेश्वर नोटा हातात घेऊन रस्त्यानं पळत होते.

त्यांनी गोऱ्याच्या खिशात नोट कोंबली, म्हाताऱ्यांच्या हातात त्यांच्या नोटा ठेवल्या, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि धापा टाकत परत आले.

“अहो, बोटीचे पैशे होते ते.”

“येळवसेला शेतात जेवलेल्याकडनं पैशे घेत्यात व्हय?”

“हितं शेत कुठंय?”

“आपुन बसलाव ते.”

एवढ्या वर्षांच्या संसारात म्हाळसाबाईंना नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

बोटीचा भोंगा वाजला. सहलीतली मंडळी वरच्या मजल्यावरून हात हलवत निघाली. बोट लहान होत होत पहिल्या डोंगराआड गेली. उत्तरेश्वर मान खाली घालून चादरीचा काठ चाचपत बसले. “तुझी तेवढी बोट राह्यली,” ते कसंबसं म्हणाले.

म्हाळसाबाईंनी उरलेली एकच भाकरी मोडली, मोठा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बघत म्हणाल्या,

“इथूनबी तेच दिसतंय.”