दोर सोडायचा नाही

"उतर खाली! आत्ताच्या आत्ता!" डेकवरून शिंत्रे सर ओरडले आणि मी डोलकाठीच्या अर्ध्यावरून परतले.

शिडाच्या जहाजावर आम्ही शिकाऊ मुलं. चढताना माझा पाय खालून येणाऱ्या फिलोमिनाच्या डोक्याला लागला आणि हात आपोआप दोर सोडून नमस्काराला गेला, एवढीच माझी चूक.

"नमस्कार घरी करायचा. इथं दोर सोडलास तर थेट समुद्रात," सर म्हणाले.

तेव्हापासून बाकीची मुलं शिडं सोडायला वर जायची आणि मी खाली पितळ घासत बसायची. "काय गं, देवाची भांडी झाली का?" फिलोमिना वरून चिडवायची. रडूच यायचं. हात माझाच, पण ऐकायचा आईचं!

आज, सफरीच्या शेवटच्या दिवशी, सरांनी एकदाचं वर सोडलं. निम्म्यावर पोचते तोच पाय लागला, तोही पुन्हा फिलोमिनालाच. हात शिवशिवला. मी मूठ आणखी आवळली आणि कपाळच दोराला टेकवलं.

खालून सर ओरडले, "झोपलीस का गं तिथं? चल, वर!"