परत केलेली कोंबडी

नवेगाव बांधला दर रविवारी भरणाऱ्या मोफत दवाखान्यात दुर्गेश्वरी सिस्टरचा एकच हट्ट होता, गरिबाच्या घरचं काही घ्यायचं नाही. पुनाराम महिन्याच्या महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायचा, तो काखेत कोंबडी घेऊनच. ती हसून कोंबडी परत करायची, गोळ्यांची पाकिटं त्याच्या पिशवीत टाकायची आणि बजावायची, "बाबाजी, एकही गोळी चुकवू नका."

तीन महिने झाले तरी बीपी उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला.

चौथ्या महिन्यात त्याची बायको रुख्माबाई एकटीच आली. पुनारामला लकवा मारला होता, तिसऱ्या दिवशी तो गेला. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. सगळी पाकिटं जशीच्या तशी होती, एकही फोडलेलं नव्हतं.

"दुसऱ्या कोनाच्या कामी येतीन," ती म्हणाली.

दुर्गेश्वरी खुर्चीतून उठली. "काऊन नाही खाल्ल्या त्यायनं?"

"फुकटची दवाई लागू पडत नाही ना, बाई. देनाऱ्याच्या हाती आधी काही ठेवा लागते."

रुख्माबाईने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"तुमी कोंबडी घ्याची वाट ते पाहून राहिले होते."