एवेलिओच्या कोंबड्या

"अळ्या आहेत," म्हणत लिग्याने अरेपा, मक्याची जाड भाकरी, ताटात परत टाकली. "वळवळताहेत बघ."

अरेपा नोहेमीने आत्ताच भाजली होती. तरी तिने ती उचलली, नसलेल्या अळ्या बोटांनी टिपल्या आणि खिडकीबाहेर फेकल्या.

"गेल्या, ताई. आता खा."

त्या डोंगरावरच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नसे. पंचेचाळिशीच्या आसपास घरटी एकाला तरी हा डोक्याचा आजार गाठायचा. माणसाला जे दिसतं त्याला हो म्हणायचं, वाद घालायचा नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांची आई तशीच गेली. लिग्या आता पन्नाशीची. नोहेमीला मार्चमध्ये सेहेचाळीस पूर्ण झाली, आणि आपण सुटलो असं तिने मनातल्या मनात धरलं होतं.

किळसेतून मात्र सुटका नव्हती. बहिणीची लाळ, अंगाचा आंबूस वास, जेवताना अळ्या. वर त्या शेजारच्या एवेलिओच्या कोंबड्या. भिंतीवरून थेट स्वयंपाकघरात यायच्या आणि ओट्यावर शिटायच्या. परवा एक चक्क राजम्याच्या पातेल्यात उभी होती. नोहेमीने अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि ओटा इतका घासला की बोटांची सालं निघाली.

तक्रार केली तर एवेलिओने हात जोडून माफी मागितली. उद्याच कोंडतो म्हणाला. कसला कोंडतोय मेला! वाणीणसुद्धा म्हणाली, फारच माजल्यात हो त्या.

आज दवाखान्यातली नर्स यामिले येणार होती. तिने सही केली की लिग्याला मेदेयीन शहरातल्या आश्रमात जागा मिळणार होती. पाठच्या बहिणीला मोठीची इतकी शिसारी यावी, याची नोहेमीला लाज वाटायची. पण शिसारी यायची हे खरं.

यामिले आली, लिग्याशेजारी बसली. नोहेमी कॉफी करायला आत गेली, तर ओट्यावर तांबडी कोंबडी आणि तिच्या पायाशी ओली, हिरवट घाण. शिव्या घालत नोहेमीने कोंबडीला हुसकलं आणि नाकाला पदर लावल्यासारखा एप्रन धरून ओटा पुसायला घेतला.

बाहेर लिग्याचा हळू आवाज चालला होता. अळ्यांचंच सांगत असणार. नोहेमी फडकं हातात घेऊन दाराशी गेली.

"अळ्या खऱ्या नसतात, ते कळतं मला कधीकधी," लिग्या म्हणत होती. "पण मला आश्रमात पाठवू नका, बाई. मग हिच्याजवळ कोण राहील? आत्ता येईल आणि कोंबड्यांचं सांगेल. एवेलिओने जन्मात कोंबडी पाळली नाही, पण तोही हो म्हणतो. तुम्हीही म्हणा."